मीठ खाल्लेल्यांची साक्ष

तुरीच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या की मला घरात बसवत नाही. वर्ध्यात राहून इतकी वर्षं झाली, शेताशी संबंध उरला तो कॉलेजला जाणाऱ्या बसच्या खिडकीपुरता, तरी जानेवारी लागला की पाय घरभर फिरत राहतात. गॅसवर चहा ठेवते आणि विसरते. शिकवता शिकवता खिडकीशी जाऊन उभी राहते. मुलींना वाटतं, मॅडम काहीतरी महत्त्वाचं सांगणार. मॅडम पलीकडच्या वावरात कापसाची वेचणी चाललेली बघत असतात. पऱ्हाटीची पानं झडून गेलेली, वर पांढरी बोंडं, मधल्या तासांत तूर, आणि कमरेला ओटी बांधून वाकलेल्या बाया. एवढंच दृश्य. त्यात अस्वस्थ होण्यासारखं काय आहे, असं एका मैत्रिणीने विचारलंही. मी म्हटलं, हवा बदलली की माझं डोकं फिरतं. ती म्हणाली, ते बाराही महिने फिरलेलंच असतं.

आमचं वर्ष चंद्राचं. दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतं, त्यामुळे मोहरम सगळे ऋतू हिंडून येतो. मी लहान होते तेव्हा तो भर उन्हाळ्यात यायचा. माठामाठांनी शरबत व्हायचं आणि आम्ही पोरं पोट दुखेपर्यंत प्यायचो. अलीकडे पेरणीच्या धांदलीत येतो. सवारी, म्हणजे मोहरमचे पंजे, उचलणारे अर्धे लोक वावरात असतात, त्यांना निरोप धाडावे लागतात. म्हणजे मोहरमला स्वतःचा असा ऋतू नाहीच. पण माझ्यासाठी तो एकदा कापसाच्या दुसऱ्या वेचणीत आला आणि तिथेच रुतून बसला. त्याला आता अठरा वर्षं झाली.

या हिवाळ्यात त्याची आठवण काढायला कारणही मिळालं. आमचं गाव सेलूपासून सहा-सात मैलांवर. तिथल्या मशिदीचं नवं बांधकाम पूर्ण झालं म्हणून कमिटी एक पुस्तिका काढते आहे. हल्लीचा सदर, म्हणजे अध्यक्ष, इम्रान हा माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला. तो घरी आला, बिस्किटं खाल्ली, आणि म्हणाला, "आपा, तुम्ही हिस्ट्रीच्या मॅडम. दोन पानं लिहून द्या. एक मशिदीवर, एक तुमच्या अब्बांवर. बावीस वर्षं सदर होते ते."

"काय लिहू त्यांच्यावर?"

"चांगलंच लिहाल ना. गेलेल्या माणसाचं कोणी वाईट लिहिते काय?"

मशिदीचं पान तासाभरात झालं. अब्बांचं पान तीन आठवडे कोरं होतं. मी परीक्षेला मुलींना प्रश्न घालते, अमुक राजाच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करा, गुण आठ. मुली भराभर लिहितात. चार गुण त्याच्या चांगुलपणाचे, चार दोषांचे, शेवटी 'अशा प्रकारे' करून एक वाक्य. मीही शिकवते तसंच. आणि माझ्या स्वतःच्या घरातल्या राजावर मला एक ओळ सुचेना.

राजा म्हणते आहे ते उगाच नाही. अब्बा उंच होते, आवाज खर्जातला. चौकात त्यांचं दुकान होतं. दोर, कासरे, विळे, वखराच्या लोखंडी पासा. गिऱ्हाईक भाव विचारायला कचरायचं, एवढा त्यांचा दरारा. गावात भांडण झालं की लोक पोलीस पाटलाच्या आधी त्यांच्याकडे यायचे, आणि त्यांनी सांगितलेलं दोन्ही बाजू मुकाट्याने ऐकायच्या. कब्रस्तानात पाण्याची सोय त्यांनी केली. कोणाच्या लेकीचं लग्न अडलं तर पुढे होऊन उभं राहणारे तेच. मला टायफॉइड झाला तेव्हा मागच्या कॅरिअरवर बसवून, दुपट्ट्याने स्वतःच्या पाठीला बांधून, सायकलने सेलूला नेलं होतं. आणि शाळेतून यायला एकदा उशीर झाला म्हणून त्यांनी दिलेल्या थपडेने माझा कान दोन दिवस वाजत होता, हेही त्यांचंच. ते घरात शिरले की घर आपोआप हळू बोलायला लागायचं. अम्मी तर बोलायचीच नाही. ती घरात आहे हे भांड्यांच्या आवाजावरून कळायचं.

बारावीच्या वर्षी मी वर्ध्याच्या कॉलेजचा आणि होस्टेलचा विषय काढला. अब्बा चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "जाजो. पण दुनियेचा इतिहास शिकाले चालली, तर पहिले आपला शिकून घे." आणि मशिदीच्या मौलवीसाहेबांना त्यांनीच आमच्या ओसरीवर आणून बसवलं.

मौलवीसाहेब समुद्रपूर तालुक्यातले. बारीक अंगाचे, दाढी विरळ, सदऱ्याच्या खिशाला नेहमी शाईचा डाग. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली की यायचे आणि दिवस मावळल्यावरच्या मगरिबपर्यंत शिकवायचे. दाराच्या आतल्या बाजूला अम्मी सूप घेऊन धान्य निवडत बसायची, कारण तरुण मुलगी एकटी कशी शिकणार. त्यांनी मला पैगंबरांनंतरच्या पहिल्या शतकातले खलिफा, सुभेदार, सरदार एकेक करून शिकवले. लढाया आणि सनावळ्या ते झटक्यात उरकायचे. त्यांचं मन लागायचं ते दुसऱ्याच गोष्टीत. हा माणूस राज्यकर्ता म्हणून कसा होता, आणि माणूस म्हणून कसा होता, आणि आपल्याला हे कोणी सांगितलं?

जुन्या आलिमांनी, धर्मपंडितांनी, या तिसऱ्या प्रश्नावर आयुष्यं घालवली आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एखादी हकीकत आली की तिच्या मागची माणसांची साखळी तपासायची. कोणी कोणाकडून ऐकलं, तो खरं बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती धड होती का. मौलवीसाहेब त्यात आपलं एक घालायचे. "बेटा, दोन साक्षीदार अलग ठेवायचे. ज्यानं राजाचं मीठ खाल्लं तो, आन् ज्यानं राजाचा मार खाल्ला तो. दोघंही खोटे नसतात. पण दोघांच्याही डोळ्यात काहीतरी गेलेलं असते."

त्यांची दुसरी रीत याहून कडक होती. वादाचा विषय आला की पहिल्या दिवशी फक्त विरोधी बाजू. तीही चेष्टेने नाही. "सामनेवाल्याची गोष्ट पहिले पुरी लिहा. त्याच्या तोंडून निघाली असती तशी. त्यानं वाचली तर म्हटलं पाहिजे का हाव, मले हेच म्हणायचं होतं." उत्तर दुसऱ्या दिवशी. मधली रात्र ती बाजू डोक्यात घेऊन झोपायचं. मला हा प्रकार फार त्रासाचा वाटायचा. इराकच्या एका सुभेदाराची पाळी आली तेव्हा मी वैतागले होते. माणसाने रक्ताचे पाट वाहवले, काब्यावर दगडफेक केली, आणि त्याची बाजू मी सुवाच्य अक्षरात लिहायची. लिहिता लिहिता कळलं की कुराणाच्या अक्षरांवर ज्या खुणा बघून माझ्यासारखी पोरगी न चुकता वाचते, त्या घालून घेण्यात त्याचाही हात होता असं सांगतात. मला त्याचा राग आला आणि उपकारही मानावे लागले. त्या रात्री झोप लागली नाही, हे मी मौलवीसाहेबांना तक्रारीच्या सुरात सांगितलं. ते खूश झाले.

मग मोहरमचा चांद दिसला. करबलाच्या रणात पैगंबरांच्या नातवाला घरच्या माणसांसह पाण्यावाचून तडफडवून मारलं गेलं, तेव्हा गादीवर होता यजीद. आमच्या गावात हे नाव माणसाला ठेवत नाहीत, शिवी म्हणून वापरतात. मोहरमच्या दिवसांत पोरंसुद्धा एकमेकांना तेच म्हणून चिडवतात. आणि अगदी याच दिवसांत, शिकवता शिकवता, मौलवीसाहेबांचा धडा यजीदवर आला. दुसऱ्या कोणी तो महिनाभर पुढे ढकलला असता. मौलवीसाहेबांना असलं शहाणपण नव्हतं.

बुधवारी त्यांनी सुरुवात केली. पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे विरोधी बाजू, म्हणजे यजीदची. हुकूम त्याचाच होता हे सिद्ध नाही, असं काही आलिम म्हणतात. कत्तल हाताखालच्या सुभेदाराची. बातमी ऐकून त्याने दुःख केलं असंही सांगतात. उरलेल्या घरच्यांना त्याने इज्जतीने मदिनेला पोचवलं. मी साडेतीन पानं लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशी तर फारच चांगलं आलं होतं. उठताना मौलवीसाहेब म्हणाले, "उद्या याचं उत्तर. मदिनेवर त्यानं फौज कशी घातली तेही. आन् मग मी काय मानतो, ते."

गुरुवारी आभाळ भरून आलं. फुटलेला कापूस भिजला की पिवळा पडतो, म्हणून अब्बांनी घरातल्या सगळ्यांना वावरात पिटाळलं. मला अभ्यास होता, तरी मलाही. आमच्याकडे वेचायला जंगलाकडच्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, रुखमाबाई यायची. गोंडाची बाई, तिच्या घरी नवस म्हणून पिढ्यान् पिढ्या मोहरमची सवारी उचलत आलेले. तिच्या शेजारची ओळ धरून मी वेचत होते आणि डोक्यात ती साडेतीन पानं घुमत होती. न राहवून मी तिला विचारलं, मावशी, त्या राजाने स्वतः मारलंच नसेल तर?

तिचा हात थांबला नाही. "तहानेल्या लेकरायले पानी देल्लं का त्यानं?"

"नाही."

"मंग आणखी काय पाह्यतं तू?"

पुढे मी पाच-सहा वर्षं या विषयावर मिळेल ते वाचलं. आलिमांचे गट पाडता येतात. एक म्हणतो, त्याच्यावर लानत पाठवावी, शाप द्यावा. दुसरा म्हणतो, तो जुलमी होता, पापी होता, पण शाप देणं खुदाचं काम, आपल्या जिभेचं नाही. तिसरा हुकमाचा पुरावा मागतो. चौथा म्हणतो, मिटवा, गप्प बसा. सगळे जाडजूड ग्रंथ, सगळे विद्वान. रुखमाबाईचा निकाल मात्र दोन बोंडं वेचायला लागतात तेवढ्यात लागला होता. मला आजही ठरवता येत नाही की ती बरोबर होती की तिचं सोपं होतं. बहुतेक दोन्ही.

पाऊस आला नाही, पण वेचणी दोन दिवस चालली. माझा गुरुवारचा धडा बुडाला. शुक्रवारी मौलवीसाहेबांनी जुम्याच्या बयानात करबला सांगितलं. वावरातल्यांची भाकर न्यायला मी घरी आले होते; आमचं घर मशिदीला लागून, भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकू यायचा. आडदांड माणसं हुंदके देत होती. शेवटी कोणीतरी उठून म्हणालं, "मौलवीसाहेब, आता यजीदवर लानत भेजा." ते म्हणाले, "त्यानं केलं तो जुलूम होता. हे मी हजारदा म्हणीन. पण लानत माह्या तोंडून नाई निघणार. माह्यापाशी माह्याच गुन्ह्याचं ओझं पुष्कळ आहे."

तासाभरात गावभर झालं की मौलवी यजीदच्या बाजूचा आहे. काहींना तो तसाही नको होता. लग्नातला बँडबाजा बंद करा म्हणून तो मागे लागायचा. संध्याकाळी चारजण दुकानावर अब्बांकडे आले. अब्बांना हे प्रकरण वाढू द्यायचं नव्हतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. पण बावीस वर्षं सदर राहणाऱ्या माणसाला वारा कुठून येतो ते कळत असतं.

घरी आल्यावर त्यांनी माझी वही मागितली. चुलीपाशी अम्मी भाकरी थापत होती. अब्बा उभ्याउभ्याच वाचत राहिले, पान उलटत राहिले, आणि साडेतीन पानांनंतर कोरं लागलं तेव्हा थांबले.

"हे त्यानंच सांगितलं तुले?"

मी म्हटलं, "हाव."

ते वाट बघत होते, निदान मला आज तसं वाटतं. दोन-तीन श्वासांएवढी जागा त्यांनी ठेवली होती. तिथे मी म्हणू शकले असते की अब्बा, हे अर्धं आहे, त्यांची रीतच तशी आहे, उत्तर गुरुवारी होतं आणि गुरुवारी तुम्ही मला वावरात धाडलं. पण होस्टेलचा फॉर्म त्यांच्या दुकानाच्या कपाटात सहीसाठी पडून होता. आणि ते रागात होते. आणि मला त्यांची भीती वाटायची. मी खोटं बोलले नाही. जे विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं आणि पुढचं गिळलं. एवढं साफ खोटं मी त्यानंतर कधी बोलले नाही.

शनिवारी मशिदीच्या अंगणात बैठक झाली. भिंतीपलीकडे उभी राहून मी ऐकत होते. अब्बांनी माझी साडेतीन पानं वाचून दाखवली. त्यांच्या खर्जातल्या आवाजात माझी वाक्यं भारदस्त वाटत होती, याचं एक क्षण मला बरंही वाटलं. माणूस किती नालायक असू शकतो. मग अब्बांनी विचारलं, हे तुमचं आहे? मौलवीसाहेब म्हणाले, "माझंच आहे. पण अर्धं आहे." कोणीतरी हसलं. "मंग बाकीचं अर्धं कुठी आहे?" त्यावर मला बोलवा, मला विचारा, असं मौलवीसाहेब म्हणाले नाहीत.

पुढच्या जुम्याला नमाज दुसऱ्याने पढवली. मौलवीसाहेब आणि त्यांची बायको एक पत्र्याची पेटी आणि दोन बोचकी घेऊन एसटीच्या थांब्यावर उभे होते. मी गच्चीवरून पाहिलं. बस उशिरा आली, त्यामुळे बराच वेळ पाहावं लागलं. त्या आठवड्यात अब्बांनी फॉर्मवर सही केली.

पुढचं सगळं सरळ आहे. कॉलेज, पदवी, नोकरी. आलिम कसे साखळी तपासायचे, हे मी मुलींना रंगवून सांगते. दरवर्षी एखादी तरी विचारतेच, "मॅडम, पण शेवटी तो राजा चांगला की वाईट?" मी हसून टाळते. तिला वाटतं मॅडम फार खोल विचार करतात.

अब्बा दोन वर्षांपूर्वी गेले. आमच्याकडे जनाज्याच्या वेळी इमाम जमलेल्यांना विचारतात, मय्यत कैसे थे? लोक म्हणतात, अच्छे थे. बायका कब्रस्तानात जात नाहीत, पण त्या दिवशी गर्दीच एवढी की तो एकसुरी आवाज आमच्या अंगणापर्यंत आला. बायकांमध्ये कोणीतरी म्हणालं, नशीबवान माणूस. मी मान हलवली. मला अब्बा खूप आठवत होते, आणि त्याच वेळी मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अर्धं, हे अर्धं आहे. यातलं कुठलं जास्त खरं होतं ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

तर इम्रानचं पान. तीन आठवड्यांत मी सात वेळा सुरुवात केली आणि सातही कागद फाडले. 'स्वभावाने करारी' लिहिलं की खोटं वाटायचं. एका निरपराध माणसाला गावातून घालवलं, असं लिहिलं की तेही खोटं वाटायचं, कारण घालवण्यात माझा हात होता आणि मी तो वाक्याबाहेर ठेवत होते. मीठही मी खाल्लेलं, मारही मीच खाल्लेला. शेवटी एका रविवारी उठले, हिंगणघाटची एसटी पकडली, तिथून समुद्रपूरची, आणि पुढे ऑटोने मौलवीसाहेबांच्या गावी गेले. ते आहेत की नाहीत, हेसुद्धा विचारून घेतलं नव्हतं.

होते. मुलीकडे राहतात. अंगणात बाजेवर उन्हात बसले होते, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. मी नाव सांगितलं तसे सावरून बसले. मुलीने चहा दिला आणि ती आत गेली. मी कप खाली ठेवायचीही वाट पाहिली नाही. जे गिळलं होतं ते सगळं सांगितलं.

त्यांनी काळा चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "मी तुमच्यावर नाराज होतो. एक-दोन साल नाई, पुष्कळ साल. अब्बावर इतका नाई, जितका तुमच्यावर."

मी म्हटलं, "माफ करा मला."

"माफ केलं म्हणून मी आत्ता मोकळा होऊन जाईन. तुम्हीबी होऊन जाल. मंग तुम्ही लिहिणार नाई." त्यांनी चहाचा घोट घेतला. "लिहून आणा. मंग पाहू."

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं. "एक गोष्ट तुम्हाले माहीत नसन. तुमचे अब्बा इथी आलते. मी इकडं आलो त्याच्या दोन सालानं. एकटेच. इथीच बसले. चहा पेले, माह्या बैलायची विचारपूस केली, घंटाभर बसून चालले गेले. माफी मांगली नाई. पण आलते. हेबी लिहाल."

"ही तर मार खाल्लेल्या माणसाची साक्ष, मौलवीसाहेब," मी म्हटलं.

"म्हणूनच तर सांगून राह्यलो. मार खाल्लेला माणूस जवा चांगलं सांगते, तवा ते वजनदार राह्यते."

परतीच्या बसमध्ये मला रडू आलं आणि रागही आला. अब्बांचा. तिथवर जायचं आणि दोन शब्द बोलायचे नाहीत? घरी येऊन आम्हाला सांगायचं नाही? शेजारच्या बाईने तिच्या पिशवीतला संत्रा सोलून अर्धा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. हिंगणघाट येईपर्यंत माझ्या डोक्यात पानाची पहिली ओळ तयार झाली होती.

पान दोन दिवसांत झालं. कब्रस्तानातलं पाणी आहे त्यात, सायकल आहे, थप्पड आहे. मौलवीसाहेब आणि बैठक आहे. त्यांनी समुद्रपूरकडे केलेली फेरी आहे. आणि मी दिलेलं एका शब्दाचं उत्तर आहे, माझ्या नावासकट. इम्रान हे छापेल की नाही, देव जाणे. पण त्याच्या आधी मला ते अम्मीला वाचून दाखवायचं होतं. तिच्या नवऱ्याची थप्पड गावभर छापून येणार, ती तिला गावाकडून कळू नये. मला भीती तिच्या उत्तराचीच होती. तिने म्हटलं असतं फाड, तर मी फाडलं असतं.

परवा गेले. अम्मी ओसरीवर तुरीच्या शेंगा घेऊन दाणे काढत बसली होती. भाऊ दुकानात, वहिनी माहेरी. मी तिच्यासमोर बसून सगळं पान वाचलं. शेंगा फुटण्याचा आवाज मध्ये कुठेही थांबला नाही. थपडेपाशीही नाही, माझ्या नावापाशीही नाही. वाचून झाल्यावर मी कागदाकडेच बघत राहिले.

"खरं आहे," ती म्हणाली.

मला इतकं हलकं वाटलं की हसू येईल असं झालं.

"मौलवीसाहेबाले विचाराले समुद्रपूरले गेलती?"

"हाव."

"आन् इम्रानले? कमिटीच्या बुढ्या लोकायले?"

"त्यांनाही फोन केला होता."

तिने हातातली शेंग टोपलीत टाकली. "अडतीस साल मी त्या माणसाच्या घरात होती. त्याले भाकर म्या वाढली. शेवटचे सहा महिने त्याची कूस म्या बदलली. तो मेला तवा मर्दायले विचारलं, मय्यत कैसे थे. आता तू लिहून राह्यली, त तूबी मर्दायलेच विचारून आली. मले काऊन नाई विचारलं?"

ती आवाज चढवून बोलली नव्हती, तिला तशी सवयच नाही. मी अठरा वर्षं साक्षीदार पारखत बसले होते. कोणाचा डोळा साफ, कोणाच्या डोळ्यात मीठ. आणि जी बाई माझ्या प्रत्येक धड्याला दाराआड बसली होती, मी 'हाव' म्हटलं तेव्हा चार हात अंतरावर भाकरी थापत होती, ती मला दिसलीच नव्हती. मला तिच्याकडे बघायची लाज वाटली.

मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"आता विचारलं, अम्मी," मी म्हटलं. "अब्बा कसे होते?"

तिने टोपली बाजूला सारली, पदराला हात पुसले, आणि ओसरीच्या उघड्या दारातून रस्त्याकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. तरी ती आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "पहिले दार लाव."

अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी उठले आणि दार लावलं.